काय काम काढलाव?

नांदेडला माणूस कामाशिवाय जात नाही, अशी उरलेल्या महाराष्ट्राची पक्की समजूत आहे. कामं ठरलेली: गुरुद्वाऱ्याचं दर्शन, दवाखाना, कोर्टाची तारीख, सोयरीक, बदली आणि मयत. लातूरला जायला तर एकच कारण लागतं, पोरगं अकरावीला आहे. त्यामुळे नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब नांदेड-लातूरला चाललोय, नुसतं आरामात हिंडायला, खायला-प्यायला, असं मी सोसायटीत जाहीर केलं तेव्हा पार्किंगमध्ये क्षणभर शांतता पसरली. त्या वर्षी तिसऱ्या मजल्याचं व्हिएतनाम चाललं होतं आणि पाचव्याचं बाकू. शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "अगं बाई, कोण गेलं?"

कुणी गेलेलं नव्हतं. बायकोचे मामा नांदेडात आहेत, माझी आत्या लातुरात आहे, दोघंही ठणठणीत आहेत. आम्हाला फक्त एक संथ सुटी हवी होती. पहाटे चारला उठून सूर्योदय गाठायचा नाही, डोंगर चढायचा नाही, गाइडच्या छत्रीमागे पळायचं नाही. उठावं, खावं, गावातून एक चक्कर मारावी, पुन्हा खावं. बोट करून दाखवायला आयफेल टॉवर नसलेलं शहर या कामाला उत्तम. पण असल्या शहरात निष्कारण येणाऱ्या माणसाकडे लोक संशयानं बघतात, हे तिकडे गेल्याशिवाय कळत नाही.

मामा आधी की आत्या आधी, यावर घरात बरीच बोलणी झाली. सासूबाई बरोबर असल्यानं त्यांच्या भावाचा नंबर पहिला लागला. गंमत अशी की पुण्याहून नांदेडला जाणारी रात्रीची गाडी लातूरवरूनच जाते. अपरात्री गाडी लातुरात थांबली आणि फोन वाजला. आत्या. "उतरा की इथंच! दारावरून पुढं जायलाव, बरं दिसतं का हे?" डब्यातली अर्धी माणसं जागी झाली. उरलेली सासूबाईंच्या उत्तरानं झाली.

नांदेड स्टेशनवर पाटी 'हुजूर साहिब नांदेड' अशी आहे. बाहेर पडताच रिक्षावाल्यानं आमच्याकडे एक नजर टाकली आणि सरळ निदान केलं, "गुरुद्वारा का डॉक्टर लेन?" डॉक्टर लेन हे शिवाजीनगर भागातलं नांदेडचं दुसरं तीर्थक्षेत्र. मराठवाडा, विदर्भ आणि पार तेलंगणातून लोक तिथे एक्स-रेची पाकिटं काखोटीला मारून येतात. मी म्हटलं, "दोन्ही नाही, घरी जायचंय, मामांकडे." त्यानं सासूबाईंकडे बघून सहानुभूतीनं मान हलवली आणि रिक्षा हळू चालवली.

मामांचाही विश्वास बसला नाही. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी असा नाश्ता झाला. "जावईबापू, अजून एक, लाजूलालाव काय" असं म्हणत मामींनी दोनाचे पाच केले. मग मामांनी खुर्ची जवळ ओढली. "आता खरं सांगा. काय काम काढलाव?"

"काही नाही मामा, सहज."

"सहज?" मामांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. रात्री सगळे निजल्यावर मामा हळूच माझ्याजवळ आले. "पोरीसमोर बोलायचं नसंल तर मला सांगा. हार्टवाला आपल्या ओळखीचा आहे, किडनीवाला वर्गमित्र आहे." मी पुन्हा 'सहज' म्हणालो. शेवटी त्यांना ते सहन होईना. सकाळी फिरायला म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं आणि थेट डॉक्टर लेनमध्ये नेऊन बसवलं. "आलाच आहात तर दाखवून घ्या." डॉक्टरांनी बीपी बघितलं, छाती तपासली, जीभ काढायला लावली. मग स्टेथोस्कोप गळ्यात अडकवत अतिशय प्रांजळपणे विचारलं, "काहीच नाही तुम्हाला. मग आलाव कशाला?"

गुरुद्वाऱ्यात मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. गुरू गोविंदसिंग 1708 साली इथे, गोदावरीच्या काठी, ज्योतीत विलीन झाले. या गुरुद्वाऱ्याची, म्हणजे सचखंडची, आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात उभारली. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. अमृतसरहून नांदेडला थेट सचखंड एक्स्प्रेस येते आणि त्या गाडीतल्या प्रवाशांना वाटेतल्या स्टेशनांवर लंगरचं जेवण फुकट मिळतं. हे ऐकल्यावर आमच्या धाकट्यानं पुढच्या खेपेला नांदेडला अमृतसरमार्गे यायचा प्रस्ताव मांडला. मामा म्हणाले, "पंजाबातून तीनशे वर्षं लोक येऊलालेत. तुम्ही पुण्याहून आज आलाव."

संध्याकाळी तख्तावरची शस्त्रं काढून संगतीला दाखवतात, ते बघायला गर्दी लोटते. मला मात्र खरी सांस्कृतिक देवाणघेवाण लंगरात दिसली. सासूबाईंचा सगळा जन्म मराठी पंगतीत गेलेला. मराठी पंगतीत 'नको' हा बोलण्यांचा आरंभ असतो. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, आपण ताटावर हात आडवा धरायचा, त्यानं हाताच्या फटीतून जिलबी सोडायची, आपण 'अहो, अहो' करायचं आणि खायची. हा शिष्टाचार घेऊन सासूबाई लंगरात पट्टीवर मांडी घालून बसल्या. बादली घेऊन सेवादार आला. "दाल, माताजी?" सासूबाई लाजून म्हणाल्या, "नको." बादली पुढे गेली. खीर आली. "नको, नको," म्हणजे आणखी थोडा आग्रह करा. खीरही पुढे गेली. तिथे नाहीला नाही समजतात आणि पानात टाकलेलं कुणाला आवडत नाही. सासूबाई त्या पाठमोऱ्या बादलीकडे बघत राहिल्या. आमच्या लग्नातही त्यांनी जावयाकडे इतक्या कळकळीनं पाहिलं नव्हतं.

पण बाई हुशार. रोटीला तिथे प्रशादा म्हणतात आणि ती ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात पसरायचे, तळव्यांवर अलगद सोडतात. प्रशादेवाला अजून चार माणसं लांब होता, तेव्हाच सासूबाईंचे दोन्ही तळवे पुढे झालेले होते. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून म्हणाल्या, "लंगरात जाऊ या, सेवा करायचीय मला." घरी स्वतःचा चहाचा कप न विसळणाऱ्या सासूबाईंनी तिथे तासभर ताटं घासली. मग पोळ्या लाटणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या आणि शेजारच्या सरदारणीला मराठीत सांगू लागल्या की कडा जाड राहतात तुमच्या. ती बाई नांदेडचीच निघाली. "जाडच लागतात माय, हजारो माणसं जेवतात," तिनं लाटणं न थांबवता ऐकवलं. बाहेर कड्यांच्या दुकानात पगडीधारी म्हातारबा धाकट्याचं मनगट धरून म्हणाले, "हे मोठं होतंय लेकराला, थांबा, बारकं दाखवतो." पुण्यात वाढलेल्या आमच्या पोरांना तोपर्यंत सरदारजी हिंदी सिनेमासारखं हिंदी बोलतात असंच वाटत होतं.

बाकीचं नांदेड आम्ही ठरल्याप्रमाणे आळसात पाहिलं. बंदा घाट, नगीना घाट, संध्याकाळची गोदावरी. विचारवंत नरहर कुरुंदकरांचं हे गाव, ते इथल्या पीपल्स कॉलेजात शिकवायचे. त्याचा परिणाम असेल, पण नांदेडात चहाच्या टपरीवरसुद्धा नुसता चहा पिता येत नाही, मुद्दा मांडावा लागतो. मी 'साखर जास्त झालीय' म्हटलं तर शेजारच्या गृहस्थांनी निजामाच्या कारभारापासून सुरुवात केली. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळाबद्दल तक्रारी पुष्कळ, पण तहरीबद्दल एकही नाही. मटण घातलेला हा पिवळा मसालेदार भात मामांनी मला इतवारा भागात नेऊन, घरी न सांगण्याच्या अटीवर चारला. परतल्यावर मामींनी लांबूनच वास घेतला आणि मामांना विचारलं, "आज कुठल्या डॉक्टरकडं गेले होते?"

नांदेडहून लातूर गाडीनं अडीच-तीन तास. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमाराला या रस्त्यानं निघालात तर मात्र किती तास लागतील ते खंडोबाच सांगेल. लोहा तालुक्यातलं माळेगाव वाटेत आहे आणि तिथे याच दिवसांत यात्रा भरते. भंडारा, कुस्त्या, लावण्या आणि जनावरांचा बाजार. घोडे, उंट आणि गाढवं. बायको म्हणाली, पाय मोकळे करू. पोरं घोड्यांकडे पळाली. मी गाढवांत सापडलो.

गाढवांच्या बाजारात उभ्या असलेल्या, पँट-शर्टातल्या, हातात पिशवी नसलेल्या माणसाला काय समजावं, हा प्रश्न व्यापाऱ्यांना पडला होता. एकानं विडी विझवली. "किती पाहिजेत?"

"नाही नाही, नुसतं बघतोय."

"नुसतं?" त्यानं आवाज चढवून पलीकडच्याला सांगितलं, "हे नुसतं बघाय आल्यात म्हणं!" पलीकडचा उठून आला. गाढव नुसतं बघायला आलेला माणूस त्यानं पाहिलेला नसावा. त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, जरा मागे सरकून खांदे बघितले. दात बघायला सांगतो की काय अशी मला भीती वाटली. शेवटी त्यानंच माझी सुटका केली. "पावणे हायत. पुण्याकडचे. असू द्या." बायकोनं या प्रसंगाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली 'ओळखा पाहू' लिहिलं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात चुकीचं उत्तर माझ्या सख्ख्या भावानं दिलं.

लातूर जवळ आल्याचं मैलाच्या दगडावरून नव्हे, फलकांवरून कळतं. दुसरी गावं वेशीवर 'आपले स्वागत आहे' लिहितात. लातूर पासपोर्ट फोटो लावतं. चष्मेवाली पोरं, दोन वेण्या घातलेल्या पोरी, प्रत्येकाखाली सातशेवीसपैकी मार्क. शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी 'लातूर पॅटर्न' गाजवला, त्याला आता काही दशकं झाली. आज महाराष्ट्रातले आईबाप डॉक्टरकीचं स्वप्न पडलं की आधी लातूरला खोली बघतात. वेळ घालवायला हॉटेलात चहाला थांबलो, तर गल्ल्यावरच्या माणसानं आमच्या आठवीतल्या मुलीकडे पाहून विचारलं, "रिपीटर का?"

"आठवीत आहे," मी म्हणालो.

"मग उशीर केलाव," तो हळहळला. "फाउंडेशन सहावीपासून लागतंय."

रिक्षावाला तर मोफत समुपदेशकच निघाला. फिजिक्सला कुणाकडे, केमिस्ट्रीला कुणाकडे, कोणत्या मेसची डाळ पातळ, कोणत्या अभ्यासिकेत पंखा चालतो, सगळं पाठ. आम्ही फक्त हिंडायला आलोय म्हटल्यावर त्यानं आरशातून मुलीकडे दयेनं बघितलं. "लेकीला टेन्शन देऊ नका साहेब. पहिल्या अटेम्प्टला सगळ्यांनाच निघत नाही." आत्याच्या घरापर्यंत मुलगी गप्प होती. मग तिनं मला विचारलं, "बाबा, आपण खरंच सहज आलोय ना?"

आत्याकडे सकाळी सुशीला. भिजवलेले चुरमुरे, भरपूर कांदा-मिरची, शेंगदाणे, वरून डाळव्याचं पीठ आणि कोथिंबीर, सोबत भजी. पोह्यांचा गर्व उतरवणारा पदार्थ आहे हा, आणि पुण्यात तो मिळत नाही याचं मला पुण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. 2024 साली कास्ती कोथिंबिरीला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं. तिन्ही लातूर जिल्ह्यातली. मी ही बातमी कौतुकानं सांगितली तेव्हा आत्या कोथिंबीर निवडत होती. "सरकारला आत्ता कळालं व्हय?" म्हणाली आणि देठं सुपात टाकली.

आंघोळीला आत्या एक बादली देते आणि दाराबाहेर उभी राहून आवाज ऐकते. शॉवरचं नाव काढलं की एप्रिल 2016 सांगते. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर. त्या वर्षीची तिची बचतीची सवय सुटलेली नाही आणि सुटू नये असं माझंही मत आहे. पण डोक्याला साबण असताना बाहेरून "झालं का रे?" ऐकणं हा वेगळा अनुभव आहे.

अमावास्येच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खरेदीला गंजगोलाई. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली, 1917 साली उभी राहिलेली ही गोल दुमजली बाजारपेठ. मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोनं, कापड, चपला, मिरची, गूळ, ज्याचा त्याचा रस्ता वेगळा. शहर नियोजनाचा इतका देखणा नमुना महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. हरवायलाही इतकी सोयीस्कर जागा नाही. बायकोचा फोन आला, "मी देवळासमोर उभी आहे." मीही देवळासमोर उभा होतो. सासूबाईही देवळासमोर होत्या. देऊळ मधोमध असल्यामुळे गोलाईतला प्रत्येक माणूस कायमच देवळासमोर असतो. आम्ही एकमेकांना शोधत एकाच दिशेनं फिरत राहिलो, म्हणून कुणीच कुणाला भेटेना. शेवटी एका मिरचीवाल्यानं मला थांबवलं. "दादा, तुम्ही तिसऱ्यांदा दिसलालाव. एक जागी उभं रहा, माणसं आपोआप येतात." आणि खरंच आली. येताना तिघींच्या हातात पिशव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर लातूर गायब. रस्ते रिकामे, शटर खाली, गोलाईत चिटपाखरू नाही. ज्या शहरात सुटी घालवायला आम्ही आलो होतो ते शहरच सुटीवर गेलं होतं. मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे इथली वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवकडे या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुटी देतात आणि अख्खं शहर शेतात जातं. ज्याला शेत आहे तो स्वतःच्या, ज्याला नाही तो कुणाच्याही. आतेभावानं जीप काढली. आत्यानं आंबिलाचं मडकं मांडीवर घेतलं आणि खड्डा आला की आधी मडक्याला आणि मग आम्हाला सांभाळलं.

शेतात कडब्याची कोप उभी केलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, पुढे पूजा. मग जेवण. भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा अशा ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची, बेसन लावून चिंच घालून शिजवलेली घट्ट भाजी. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वर आंबील: ताक आणि ज्वारीचं पीठ, लसणाचा ठसका. आंबिलाचा दुसरा पेला पोटात गेला की पाय आपोआप लांब होतात. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारतात. तो नको म्हणाला तर इथे मात्र त्याला हाताला धरून बसवतात. सासूबाईंना हायसं वाटलं. त्यांनी लंगरातला सगळा हिशेब या कोपीत चुकता केला, आणि शेजारच्या शेतातून बोलावणं आल्यावर तिथेही जाऊन "नको, नको" म्हणत दोन उंडे खाल्ले.

आतेभावाच्या गल्लीत क्लासवाल्या पोरांच्या खोल्या आहेत. मेस बंद, पोरं उपाशी राहतील म्हणून त्यानं त्यातल्या चौघांनाही जीपच्या मागे बसवून आणलं होतं. एकाच्या खिशात घडी केलेल्या नोट्स होत्या. सराव परीक्षेत बायोलॉजीला तीनशेसाठपैकी तीनशेचाळीस, असं त्याच्या मित्रानं अभिमानानं सांगितलं. आत्यानं त्याला पाटी दिली. "जा रे बाळा, तुरीच्या शेंगा तोडून आण पसाभर." पोरगं उठलं, चहूकडे बघितलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "यातली तूर कोणती?" आत्या हसली नाही. उठली, त्याला हात धरून बांधापर्यंत घेऊन गेली आणि झाड दाखवलं. येताना तो शेंगा खातच आला.

दुपारी कोपीच्या सावलीत सगळे आडवे झाले. आंबिलाच्या गुंगीत माझ्या लक्षात आलं की इतक्या माणसांत आज आम्हाला कुणीही काय काम काढलाव म्हणून विचारलेलं नाही. या दिवशी लातुरात कुणालाच काही काम नसतं, त्यामुळे आमचं निष्कारण येणं त्या गर्दीत बेमालूम मिसळून गेलं होतं. अंधार पडायला लागला तशी माणसं परतली, गोलाईत दिवे लागले आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी माझ्या मुलीला विचारलं, "कोणता ग्रुप घेतलीस?"

परतीला आतेभावानं औशावरून तुळजापूरच्या रस्त्यानं सोडलं आणि उजनीला बासुंदीसाठी थांबवलं. तिथे बासुंदी खाल्ल्याशिवाय पुढे जाणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आणि त्यांच्या मालकांबद्दल माझं मत बरं झालं नाही. सामानात मामींनी दिलेली चटणी, आत्यानं दिलेली चिंच आणि तूरडाळ. डाळीचं वजन किती ते सांगत नाही. बाकूहून आलेल्या शेजाऱ्यांनी मात्र त्यातली अर्धी मागून नेली.

तुम्हाला जायचं असेल तर पंचांग काढा, मार्गशीर्ष अमावास्या कधी आहे ते बघा आणि तिच्या चार दिवस आधी नांदेड गाठा. गुरुद्वाऱ्यात कशालाही नको म्हणू नका. लातुरातली खरेदी अमावास्येच्या आदल्या दिवशी उरकून घ्या. अमावास्येला दुकानं बंद असतात आणि हॉटेलात जेवण मिळेलच असं नाही. शहराबाहेर जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहा, कुणीतरी जीपमध्ये घालून नेईल. घरी तब्येतीचे जुने रिपोर्ट असतील तर तेवढे बरोबर ठेवा, मामा सगळ्यांनाच असतात.